नवे सभासद

"आजच सभा झाली तर हारलोच समजा, निकेश," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

आरमोरीच्या सार्वजनिक वाचनालयाच्या त्या अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस इथेच जायचा. समोर बसलेले निकेश वकील नागपूरहून इथल्या कोर्टात प्रॅक्टिस करायला आले होते. आधी पेपर वाचायला यायचे. मग बाईंचे अर्ज लिहून देऊ लागले. आता बाई त्यांना विचारल्याशिवाय काही करत नसत.

हरिदासशेठांनी वाचनालयाला दुमजली इमारत बांधून द्यायचं कबूल केलं होतं. राईस मिल, ट्रक, खाणीची कंत्राटं, सगळं त्यांचं. अट एकच होती. वाचनालयाची घटना बदलायची. अध्यक्ष आणि निम्म्याहून जास्त कार्यकारिणी शेठच्या ट्रस्टने नेमायची. जुन्या सभासदांपैकी कुणाचं धान शेठच्या मिलवर जायचं, कुणाचा पोरगा त्यांच्या ऑफिसात होता. नाही म्हणणार कोण?

दुसऱ्या एका गावात शेठनी बांधून दिलेलं वाचनालय बाई स्वतः पाहून आल्या होत्या. खाली मोबाइलचं शोरूम, वर लग्नाचा हॉल. पुस्तकं जिन्याखाली गोण्यांत.

"आपली जागा बसस्टँडसमोर आहे ना," बाई म्हणाल्या. "त्याईले वाचनालय नाई पाहिजे. जागा पाहिजे."

निकेश चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "नवे सभासद करा. अभ्यासिकेतली पोरं, खेड्यातली माणसं. घटनेत कुणालाच बंदी नाही."

"आन् वर्गणी?"

"नागपूरचे माझे मित्र भरतील. तुम्ही माणसं गोळा करा, बाई. तुमच्या शब्दावर लोक येतात."

दुसऱ्या दिवसापासून बाई फिरू लागल्या. कधी निकेशच्या गाडीत, कधी एसटीने. जुने विद्यार्थी शोधले, त्यांच्या बायकांना गाठलं. धानाच्या रोवणीला गेलेल्या माणसांना बांधावर उभं राहून समजावलं. लोक हो म्हणत होते, तरी बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवताना घास हातातच राहायचा. आपण कुणाला तरी विसरलो, असं सारखं वाटायचं.

एकदा अभ्यासिकेतल्या करिश्माने त्यांना थांबवलं. जंगलातल्या गावची पोरगी, वनरक्षक भरतीची तयारी करत होती.

"बाई, बिल्डिंग झाली तर वाईट काय? इथी पोरीईले बसाले जागा नाई. पंखा बंद पडला की जीव जाते."

"आज बिल्डिंग भेटेल. उद्या तुले आतमंदी कोण येऊ देईल?"

करिश्मा हळूच म्हणाली, "माझे बाबा शेठच्या ट्रकवर आहेत."

बाई रस्त्यावर आल्या, दोनदा मागे वळल्या आणि तशाच घरी गेल्या.

निकेशनीही पुष्कळ सभासद केले. बाईंना त्यातली बरीच माणसं अनोळखी होती. "माझे पक्षकार," निकेश म्हणाले. "आणि बाई, कार्यकारिणीची मुदतही संपतेच आहे. निवडणूक त्याच सभेत उरकून घेऊ. एवढी माणसं पुन्हा कुठे जमतात?"

हे बाईंना पटलं.

सभेच्या दिवशी वाचनालयाच्या अंगणात खुर्च्या पुरल्या नाहीत. पांढऱ्या कपड्यांत हरिदासशेठ पहिल्या रांगेत बसले होते. मिलचे लोक त्यांच्या मागे. बाईंनी घटनादुरुस्तीचा ठराव वाचला.

ठरावाच्या बाजूने हात वर गेले. जुने सभासद शेठकडे बघत बघत हात उचलत होते.

"विरोधात?"

आधी मागची रांग हात वर करून उठली. मग मधली. निकेशची माणसं एकदमच उठली. करिश्मा भिंतीला टेकून उभी होती. फाटकाजवळ तिचे बाबा होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि हात वर केला.

ठराव पडला.

अंगणात एकच गलका झाला. बाई खुर्चीत बसल्या. शेठ रागावून निघून जातील असं सगळ्यांना वाटत होतं. पण ते सावकाश टाळ्या वाजवत होते.

नव्या कार्यकारिणीचा विषय आला तेव्हा बाई उठल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं. पाय मात्र दुखत होते. वयही जाणवत होतं.

"मी आता थकली," त्या म्हणाल्या. "हे वाचनालय ज्यानं वाचवलं, त्याच्याच हाती देते. अध्यक्षपदासाठी मी निकेश वकिलांचं नाव सुचवते."

निकेश नको नको म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. हात वर गेले ते सगळ्या अंगणातून. शेठनीही हात वर केला. माणूस मनाचा मोठा आहे, बाईंना वाटलं. कार्यकारिणीवर निकेशचीच माणसं आली. बाईंनी स्वतःच्या हाताने त्यांना हार घातले.

चहा फिरू लागला. शेठ हात जोडून बाईंपाशी आले.

"बाई, मनात काही ठेवू नका."

"मी काऊन ठेवू, शेठ? झालं ते झालं."

"मंग पुढच्या हप्त्यात घरी या जेवाले. पोरीचा साखरपुडा आहे," शेठ म्हणाले. "नवरदेवाले आज तुमीच अध्यक्ष केलं."