पुनीतपेक्षा मोठी

पुनीतनं हौसेखातर लहानशी वेल्डिंग मशीन आणली आणि अंगणात झोपाळा जोडला. धनज गावातली सगळी गल्ली येऊन झोके घेऊन गेली. शेजारच्या अशफाकच्या मात्र पोटात दुखायला लागलं. तो तडक कारंज्याला मशीनच्या दुकानात गेला.

"घरी लाइन कोणती हाय, भाऊ? सिंगल फेज का थ्री फेज?" दुकानदारानं विचारलं.

"लाइनचं सोडा. पुनीतपेक्षा मोठी द्या!"

मोठीला थ्री फेज लागत होती, आणि गल्लीत थ्री फेज फक्त पुनीतच्या पिठाच्या चक्कीत! नाक मुठीत धरून अशफाकनं मशीन तिथं नेली. तोंडासमोर काळी काच धरून तो पहिला टाका मारत होता, तेवढ्यात त्याची खाला दळण घेऊन आली.

 

"पुनीत, मोठीबी घेतली काय रे? आमच्या अशफाकले सांगू नको, तो लहानीपायीच जळून राह्यला!"