कव्हर

"अहो, त्या डिस्कचं प्लास्टिक आतातरी काढा," बायको म्हणाली.

"नवी वस्तू कुणी पावसात उघडी काढतं का?" मुकुंदरावांनी विचारलं. पाचगणीच्या गार पावसात डिस्क गोल्फ हा चकती टोपलीत भिरकावायचा खेळ खेळायला त्यांनी जलरोधक बूट, हातमोजे, सॅकलासुद्धा रेनकोट असा जामानिमा केला होता. साडूभाऊ मात्र शर्टाला डिस्क पुसून खेळले होते. ही शेवटची डिस्क साखळ्यांच्या टोपलीत पडली, की सासऱ्यांनी जावयांसाठी ठेवलेली ढाल यंदा मुकुंदरावांच्या शोकेसमध्ये बसणार होती.

त्यांनी सगळी ताकद लावून हात फिरवला. ओलं प्लास्टिक हातमोज्यातच राहिलं. आतली डिस्क सुळकन निसटून दरीत गेली, तीही कोरडीच.

साडूभाऊंनी ढाल काखेत मारली. मुकुंदरावांनी कव्हर झटकलं, निरखलं आणि बायकोसमोर धरलं.

"बघ, एक ओरखडा नाही."