डार्लीन रॅटलिफचं पहिलं विधेयक

"तू नको म्हणालीस तर दुसऱ्या कुणाला तरी देतो," बक हेन्स्ली म्हणाला. "पास तर होणारच आहे."

"मी नको कुठे म्हणतेय?" डार्लीन म्हणाली. "माझ्याच नावावर मांड. फक्त अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी घे. गावची माणसं बघायला येतील."

बक हा सभागृहातला बहुमताचा नेता. विधेयक साधं होतं: वीस वर्षांहून जुन्या खटल्यांचे पुरावे येत्या एक जुलैपासून जाळून टाकायचे. काउंटी कोर्टांच्या तळघरांत म्हणे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. नाताळची रोषणाई ठेवायला मात्र होती.

डार्लीन यंदाच निवडून आली होती. त्याआधी बावीस वर्षं ती सरकारी वकील होती. प्रचाराच्या पाट्यांवर एकच ओळ होती: 'एकही खटला हरली नाही.' आमच्या डोंगरांत माणसं तेवढ्यावर मत देतात.

"आणखी एक मेहेरबानी कर," ती म्हणाली. "त्या वेळी अध्यक्षांच्या खुर्चीवर व्हर्ननला बसव. म्हातारा यंदा सभागृहातून निवृत्त होतोय. तो जज्ज होता तेव्हा माझे सगळे खटले त्याच्यासमोर चाललेत."

बकला गहिवरून आलं. त्याला दर निवडणुकीआधी येतं, तसं नव्हे, खरोखरच.

शेवटच्या दिवशी ऑफिलिया कोम्ब्सने तिला जिन्यात गाठलं. तिचा मुलगा लॉनी खुनासाठी जन्मठेप भोगत होता. डार्लीनचा तो पहिलाच खटला.

"त्याचा शर्ट त्या तळघरात आहे," म्हातारी म्हणाली. "त्याच्यावरच्या रक्ताची नव्या पद्धतीने तपासणी होणार आहे. ऑक्टोबरात नंबर लागलाय. जुलैत जाळलात तर ऑक्टोबरात काय, राख तपासणार?"

"मी विधेयक मागे घेणार नाही, मिसेस कोम्ब्स."

"तुझं काळीज आहे की कोळसा गं?"

"वर गॅलरीत बसा," डार्लीन म्हणाली. "शेवटपर्यंत उठू नका."

म्हातारी तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग गॅलरीत जाऊन बसली. जाणार तरी कुठे?

नव्या सभासदाच्या पहिल्या विधेयकाची आमच्याकडे रीतसर टर उडवतात. आधी वेडेवाकडे प्रश्न. मग दोन्ही पक्ष मिळून विरोधाचं लाल बटण दाबतात, नव्याचं तोंड पडलेलं डोळे भरून बघतात आणि वेळ संपायच्या आत हिरवं दाबतात. कुणाला उशीर झाला, वेळ उलटली, तरी फलक हिरवा होईपर्यंत अध्यक्ष हातोडा उचलत नाहीत. लोकशाहीत एवढं एकच काम दोन्ही पक्ष एकमताने करतात.

"वकीलबाई," मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पुराव्याच्या जाळावर डुकराच्या बरगड्या भाजल्या तर चालतील का?"

"चालतील. सॉस घरचा आणावा लागेल," डार्लीन गंभीरपणे म्हणाली.

सभागृह हसलं. गॅलरीत ऑफिलिया हसली नाही.

मतदान सुरू झालं. भिंतीवरचा सभासदांच्या नावांचा फलक वरपासून खालपर्यंत लालभडक झाला. हिरवा ठिपका औषधालाही नव्हता.

डार्लीनने चेहरा ओंजळीत लपवला. तिचे खांदे हलायला लागले. इतकी चांगली टर कित्येक वर्षांत जमली नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते. घड्याळाकडे एकटा व्हर्नन बघत होता.

हातोडा पडला. "मतदान संपलं. विधेयक नामंजूर."

"अहो जज्जसाहेब!" बक उठून ओरडला. "गंमत होती ती!"

"फलकावर लाल बटण आहे आणि हिरवं आहे. गमतीचं बटण मला दिसत नाही."

"मग परत घ्या मतदान!"

"पडलेलं विधेयक त्याच अधिवेशनात परत येत नाही, बक. नियम तूच आणलास. आता जानेवारीत मांडा."

माणसं पांगली. बक टोपी हातात घेऊन तिच्या बाकापाशी आला.

"वकीलबाई, माफ कर. गंमत अंगाशी आली. पहिल्यांदाच हरलीस, तेही आमच्यामुळे."

"चालायचंच." डार्लीन कागद आवरत होती. तिचे डोळे कोरडे होते. "नव्या माणसाला सोसावंच लागतं."

तिचं समाधान कसं करावं ते बकला सुचेना. सगळ्या सभागृहात तिचा एकटीचा हिरवा दिवा किती केविलवाणा दिसत असेल, या विचाराने त्याने फलकाकडे पाहिलं. दिवे अजून विझले नव्हते. त्याने तिच्या नावापुढचा दिवा शोधला.

तोही लाल होता.