मदतीचा कायदा

कनीजचा नवरा युनूस पिंपरीत ट्रक दुरुस्त करायचा. जास्त पगार मिळतो म्हणून तो आफ्रिकेत गेला आणि तिथल्या बंडखोरांच्या तावडीत सापडला. सुटून आलेल्या एका सोबत्याने कनीजला सांगितलं, "गाड्या चालू ठेवायला त्यांनी त्याला जिवंत ठेवलंय."

पुढे एका दुपारी शेजारचे दौलतराव कंपनीतून सुटले ते पेपर घेऊन धावतच चाळीत आले.

"भाभी, एका बड्या देशानं कायदा केलाय! त्या बंडखोरांना संपवायला आजूबाजूच्या सगळ्या सरकारांना पैसा देणार, विमानं देणार. आता युनूसभाई सुटलेच समजा."

"खरंच सुटतील?"

"अहो, कायदाच केलाय त्यांनी!"

त्या दिवशी कनीज कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली. मग रोज दौलतरावांची शिफ्ट सुटायच्या वेळी ती दारात उभी राहू लागली.

पावसाळा संपता संपता बातमी आली. दौलतराव ती वाचून दाखवेनात, तेव्हा तिनेच हट्ट धरला.

"विमानांनी बंडखोरांचा गाड्या दुरुस्तीचा तळ उडवला. तळावरचे सगळे बंडखोर ठार झाले," त्यांनी वाचलं आणि घाईघाईने म्हणाले, "पण भाभी, बंडखोर म्हटलंय. युनूसभाई कुठं बंडखोर आहेत?"

कनीजने हळूच विचारलं, "भाऊ, माणसाच्या हातात बंदूक आहे की पाना, हे विमानातून दिसतं का हो?"