मुका

भागीरथीबाईंनी पिशवी दारातच टाकली आणि त्या सरळ पाळण्यावर वाकल्या. सुनेने, अश्विनीने, झटकन बाळाला उचलून छातीशी धरलं.

"आई, नको. तुमच्या ओठावर फोड आलेत."

भागीरथीबाई वाकलेल्याच राहिल्या. अंगात कणकण असताना अमळनेरहून सुरतेपर्यंत रेल्वेत उभ्यानं आल्या होत्या त्या, नातू बघायला. ओठावर असं दर उन्हाळ्यात फुटायचं, आपोआप सुकायचं.

"मी काय डाकीण शे का, माय?" त्या म्हणाल्या. "इतला पोरंस्ना मुका लिन्हा मी. कोन मरनं?"

अश्विनी हटली नाही. "दवाखान्यात सिस्टरनी बजावलंय. आपल्याला तो नुसता फोड. एकदा अंगात शिरला की हा रोग नसांत दडून बसतो. ताप आला, ऊन लागलं की पुन्हा उठतो. पण एवढ्याशा जिवाच्या मेंदूत चढतो तो. आधी अंगावर फोड, मग झटके. खपली पडून ओठ बरा होऊ द्या, आई. मग तुमचाच आहे तो."

भागीरथीबाई हळूच खाली बसल्या.

भुवईवर बारीक फोड. दूध पिणं सोडलं. मग झटके. त्यांचं स्वतःचं पहिलं लेकरू असंच, बारशाआधी गेलं होतं. शेजारच्या मंदाला मूल नव्हतं, म्हणून तिचीच नजर लागली असं सगळी गल्ली म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं भागीरथीबाई म्हणाल्या. त्यानंतर मंदाला कुणी हळदीकुंकवालाही बोलावलं नाही.

मंदानं तर त्याला हातसुद्धा लावला नव्हता. मुके त्यांनी स्वतः, आईनं घेतले होते. रात्रंदिवस, तापानं फुटलेल्या ओठांनी.

"आई, पाणी देऊ?" अश्विनीनं विचारलं.

त्या उठल्या. मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, पदर तोंडावर घट्ट गुंडाळला आणि पाळण्यापासून लांब, भिंतीला टेकून बसून राहिल्या.

संध्याकाळी त्यांचा मुलगा ललित पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून घरी आला.

"कधी उनी, माय?" त्यानं हसत विचारलं, आणि रोजच्यासारखा बाळाच्या गालावर वाकला.

"थांब!"

ललित दचकून उभा राहिला. भागीरथीबाई उठल्या. मुलाची हनुवटी धरून त्यांनी त्याचं तोंड ट्यूबलाइटकडे वळवलं.

"पहिले होट दखाड."