भाव येईपर्यंत

"पोरी, तुमच्या अ‍ॅपवर हळदीचे भाव दिसंना झाले," गोरेगावच्या शेतकरी संतरामकाकांनी फोनवर सांगितलं. राजनंदिनीने लॅपटॉप उघडला. बाजारभावाच्या सर्व्हरने भावांऐवजी '५०३' हे उत्तर पाठवलं होतं. म्हणजे सेवा तात्पुरती बंद. हे अ‍ॅप तिने आणि थोरल्या भावाने, शिवशंकरने, 'गो' या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलं होतं. मागच्या वर्षी तो अपघातात गेला. सगळं सुरळीत चालत असतानाही सर्व्हरच्या अशा प्रत्येक बिघाडासाठी तो स्क्रीनवर दिसणारा वेगळा संदेश लिहीत बसायचा. "दादा, एवढं काहून लिहून राहिला?" ती वैतागायची. "कोरी स्क्रीन बघून माणूस घाबरतो," तो म्हणायचा. ते संदेश तिने कधी वाचलेच नव्हते. "आता स्क्रीनवर काय दिसतंय, काका?" तिने फोनवर विचारलं. "लिवलंय, 'भाव येऊन राहिले, तवर चहा घ्या.' आपला शिवाच बोलल्यावानी वाटलं." ती हळूच म्हणाली, "काका, पुन्हा वाचा ना."