चुलीच्या देवाचं तोंड

सासूने चुलीमागच्या भिंतीवरल्या कागदी देवाच्या ओठांना चिकट मिठाई माखली. चिनी नववर्षाला आठवडा उरला होता. वर्षभर घरावर नजर ठेवणारा हा देव आज स्वर्गात जाऊन सगळ्यांच्या चुगल्या करायचा. त्याने गोडच बोलावं, म्हणून ही लाच.

ती मिठाई पुसून टाकायला थोरली सून ओलं फडकं घेऊन आली. कळू दे वर, धाकटी जाऊ किती आळशी आहे ते! सासू मात्र धाकटीच्याच तांदळाच्या केकचे गोडवे गायची.

पण धाकटी आधीच तिथे उभी होती, देवाशी कुजबुजत. थोरली दाराआड थांबली.

"देवा, मामंजींच्या वाढदिवसाला जाऊबाईंनी माझ्या सूपमध्ये मूठभर मीठ ओतलं. मी पाहिलं, तूही पाहिलंस. पण वर सांगू नकोस हं. मनाने वाईट नाहीत त्या."

थोरलीचा जळफळाट झाला. स्वयंपाकात तर वरचढ होतीच, आता मनानेही चांगली निघाली मेली!

धाकटी गेल्यावर थोरलीने फडकं फेकलं आणि मिठाईचा भलामोठा गोळा देवाच्या तोंडावर थापला. हिच्या चांगुलपणाचा एक शब्दही वर पोचता कामा नये!